विश्लेषण : घर मुलांच्या नावे करण्याआधी ज्येष्ठांनी वकिलाला काय विचारावे?

बक्षीसपत्र की मृत्युपत्र? नॉमिनी मालक होतो का? स्मृतिभ्रंश झाल्यावर कुलमुखत्यारपत्र चालते का? ज्येष्ठांसाठीचा कायदा नेमके काय संरक्षण देतो आणि कुठे कमी पडतो?

निवृत्त माणसाची सर्वांत मोठी मिळकत म्हणजे राहते घर. ते हयातीतच मुलांच्या नावे करायचे की मृत्युपत्र करून ठेवायचे, हा निर्णय अनेक कुटुंबांत दुय्यम निबंधक कार्यालयाबाहेरच्या टेबलावर अर्ध्या तासात उरकला जातो. पुढे वाद झाला, की त्या दस्तात काय लिहिले आणि काय लिहायचे राहिले, यावर सगळे ठरते. २०११च्या जनगणनेनुसार देशात साठीपुढचे १० कोटी ३८ लाख नागरिक होते आणि ही संख्या तेव्हापासून वाढतच आहे. त्यांच्यासाठी २००७चा स्वतंत्र कायदा आहे. परंतु त्या कायद्याची मदत कुणाला मिळेल, हे बरेचदा वादाच्या कितीतरी आधी केलेल्या एका कागदावर अवलंबून असते. म्हणून ज्येष्ठांची कामे पाहणाऱ्या वकिलाचा खरा उपयोग भांडण झाल्यावर नव्हे, तर त्याआधी असतो.

ज्येष्ठांचा वकील म्हणजे कोण?

अमेरिकेत ‘एल्डर लॉ’ ही वकिलीची स्वतंत्र शाखा आहे. तिथे नर्सिंग होमचा खर्च प्रचंड असल्याने ‘मेडिकेड’ या सरकारी योजनेचा लाभ कसा मिळेल, याचे नियोजन हे या वकिलांचे मोठे काम असते. अर्ज करण्यापूर्वीच्या पाच वर्षांत मालमत्ता मुलांना देऊन टाकली असेल, तर तिथे योजनेचा लाभ लांबू शकतो. त्यामुळे हे नियोजन वेळेत करावे लागते. मृत्युपत्र, ट्रस्ट, पालकत्व आणि माणूस अक्षम झाल्यानंतरही चालणारे मुखत्यारपत्र ही त्यांची इतर कामे.

भारतात अशी वेगळी शाखा नाही. काम मात्र आहे आणि ते दिवाणी व कौटुंबिक कामे करणारे वकील करतात. त्यात साधारण पाच गोष्टी येतात : मृत्युपत्र व इतर दस्त तयार करणे, घर व शेतीचे कागद तपासणे, चरितार्थाचा दावा, अक्षम झालेल्या ज्येष्ठासाठी पालक नेमून घेणे आणि उपचारांबाबतची आगाऊ सूचना. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलांना जाहिरात करता येत नाही. त्यामुळे असा वकील फलक पाहून सापडत नाही. ज्येष्ठ नागरिक संघ, त्यांचा महासंघ असलेली ‘फेस्कॉम’, जिल्हा विधी सेवा प्राधिकरण किंवा ओळखीतल्या कुणाचा अनुभव हेच मार्ग उरतात.

बक्षीसपत्र आणि मृत्युपत्र यांत फरक काय?

मृत्युपत्र माणसाच्या निधनानंतर लागू होते. तोपर्यंत घर त्याचेच राहते, ते विकता येते, गहाण ठेवता येते आणि मृत्युपत्र कितीही वेळा बदलता येते. बक्षीसपत्राचे तसे नाही. नोंदणी झाली आणि घेणाऱ्याने ते स्वीकारले, की मालकी तिथेच बदलते. नंतर मन बदलले म्हणून ते रद्द करता येत नाही.

महाराष्ट्रात पती-पत्नी, मुलगा, मुलगी, नातवंडे अशा जवळच्या नात्यांत निवासी घर किंवा शेतजमीन बक्षीस दिल्यास मुद्रांक शुल्क २०० रुपये आहे, स्थानिक अधिभार वेगळा. खर्च इतका कमी असल्याने ‘आताच नावावर करून टाका, नंतर मुलांना त्रास नको’ असा सल्ला सहज दिला जातो. तो हिशेब शुल्कापुरता बरोबर आहे. मात्र ज्याने घर दिले, तो त्या दिवसापासून कायद्याच्या दृष्टीने दुसऱ्याच्या घरात राहू लागतो.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. ते साध्या कागदावरही चालते. नोंदणी सक्तीची नाही, पण केलेली बरी, कारण नंतर ‘हा कागद खोटा आहे’ म्हणणे अवघड जाते. भारतीय उत्तराधिकार अधिनियम, १९२५ नुसार किमान दोन साक्षीदार लागतात. करणाऱ्याने सही केलेली त्यांनी पाहिलेली असावी आणि त्यांनी त्याच्यासमोर सही करावी. मृत्युपत्र न्यायालयात सिद्ध करायची वेळ आली, तर साक्षीदार हयात असल्यास त्यांच्यापैकी किमान एकाला बोलवावे लागते. म्हणून साक्षीदार वयाने लहान, ओळखीचे आणि मिळकतीत वाटा नसलेले असावेत. वय जास्त असेल किंवा घरात वाद असेल, तर त्याच दिवशीचे डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडून ठेवतात. करणाऱ्याचे मन ठिकाणावर होते, हे त्यावरून दिसते.

मृत्युपत्राने काय देता येते, यालाही मर्यादा आहेत. वडिलोपार्जित मिळकतीत फक्त स्वतःच्या हिश्शापुरतेच मृत्युपत्र करता येते. मुस्लीम वैयक्तिक कायद्यानुसार वारसांच्या संमतीशिवाय साधारणपणे एक तृतीयांशपेक्षा जास्त मिळकत मृत्युपत्राने देता येत नाही. गोव्यात पोर्तुगीज परंपरेतून आलेला वारसा कायदा आहे. तिथे मुलांसारख्या हक्काच्या वारसांसाठी निम्मी मिळकत राखीव असते आणि उरलेल्या निम्म्याचीच विल्हेवाट मनाप्रमाणे लावता येते. महाराष्ट्रात घर आणि गोव्यात जमीन असलेल्यांनी हे दोन्ही ठिकाणी वेगवेगळे तपासावे.

पतीच्या निधनानंतर हक्कसोडपत्रावर सही करावी का?

समजा, फ्लॅट पतीच्या स्वकमाईचा, त्याच्याच नावे होता. मृत्युपत्र नाही. मागे पत्नी, एक मुलगा आणि एक मुलगी आहे. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ नुसार तिघांचा वाटा सारखा, म्हणजे प्रत्येकी एक तृतीयांश. पतीची आई हयात असेल, तर तीही समान वाटेकरी होते आणि प्रत्येकाच्या वाट्याला एक चतुर्थांश येतो.

दिवसकार्य उरकल्यावर लगेच सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट नावावर करण्याचा विषय निघतो. ‘आई, तुला कशाला धावपळ? तू आणि ताई हक्क सोडा, सगळे एकाच नावावर राहील,’ असे सांगितले जाते. यात दर वेळी वाईट हेतू असतोच असे नाही. परंतु सही झाली, की आईचा मालकी हक्क संपतो. अशा वेळी वकील दोन पर्याय सुचवतो. पहिला, आईने हक्क सोडायचाच नाही आणि मुलांनी आपले हक्क आईच्या लाभात सोडायचे. दुसरा, हक्क सोडायचा असेल, तर आईला हयातभर त्याच घरात राहण्याचा हक्क आणि सांभाळाची अट दस्तातच लिहून घ्यायची.

दस्तात अट लिहिण्याला एवढे महत्त्व का?

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा चरितार्थ व कल्याण अधिनियम, २००७ महाराष्ट्रात १ मार्च २००९ पासून लागू आहे. त्यातील कलम २३ ज्येष्ठांसाठी सर्वांत महत्त्वाचे. मूलभूत गरजा आणि सोयीसुविधा पुरवण्याच्या अटीवर ज्येष्ठाने बक्षीस म्हणून किंवा अन्य प्रकारे मिळकत दिली आणि घेणाऱ्याने ती अट पाळली नाही, तर ते हस्तांतरण फसवणूक, जबरदस्ती किंवा गैरवाजवी दबावाने झाले असे मानले जाते. न्यायाधिकरण ते रद्दबातल ठरवू शकते. ‘अन्य प्रकारे’ या शब्दांमुळे हक्कसोडपत्रही त्यात येऊ शकते. हे कलम कायदा लागू झाल्यानंतरच्या हस्तांतरणांनाच लागू होते.

‘अटीवर’ हा शब्द इथे कळीचा आहे. हरियाणातील एका प्रकरणात आईने कुटुंबातील व्यक्तींच्या लाभात हक्कसोडपत्र केले होते. त्यात सांभाळाची अट नव्हती आणि अशी अट होती असे तिने अर्जातही म्हटले नव्हते. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२२ मध्ये स्पष्ट केले, की अट असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय कलम २३ लागू होत नाही. आईवडील मुलांना मिळकत देतात, तेव्हा दर वेळी बदल्यात सांभाळाची अट असतेच, असे गृहीत धरता येणार नाही, असा त्याचा अर्थ.

२ जानेवारी २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मध्य प्रदेशातील एका आईच्या बाजूने निकाल दिला. २०१९ मध्ये तिने मुलाला बक्षीसपत्र करून दिले होते. सांभाळ केला नाही, तर आई मिळकत परत घेऊ शकेल, असे वचनपत्र मुलाने दिल्याचे तिचे म्हणणे होते. अट बक्षीसपत्रातच हवी होती, असे म्हणत उच्च न्यायालयाने आईच्या विरोधात निकाल दिला. सर्वोच्च न्यायालयाने तो फिरवला आणि बक्षीसपत्र रद्द करून ताबा आईला देण्याचा आदेश दिला. हा कायदा ज्येष्ठांच्या हितासाठी आहे, त्याचा अर्थ उदारपणे लावला पाहिजे आणि न्यायाधिकरणाला घराचा ताबा परत देण्याचा आदेश देता येतो, असे न्यायालयाने म्हटले.

दोन्ही निकाल एकत्र वाचले, तर धडा सोपा आहे. २०२५च्या प्रकरणातल्या आईकडे दाखवायला कागद होता. ‘देणाऱ्यांचा हयातभर सांभाळ, औषधोपचार आणि याच घरात निवास यांची जबाबदारी घेणाऱ्याची राहील, त्यात कसूर झाल्यास हे बक्षीसपत्र रद्द होण्यास पात्र राहील,’ अशा अर्थाची दोन वाक्ये दस्तात असतील, तर पुढची बरीच लढाई टळते. ती लिहायला वेगळा खर्च येत नाही. ‘मुलावर अविश्वास दाखवल्यासारखे होईल,’ या संकोचामुळे ती राहून जातात.

प्रांत कार्यालयात दाद कशी मागायची?

या कायद्याखालील न्यायाधिकरण उपविभागीय अधिकारी म्हणजे प्रांत किंवा त्याच्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखाली असते. स्वतःच्या उत्पन्नातून किंवा मिळकतीतून उदरनिर्वाह होत नसेल, तर आईवडील सज्ञान मुलगा, मुलगी, नातू किंवा नात यांच्याकडून चरितार्थ मागू शकतात. आईवडिलांसाठी साठीची अट नाही. अपत्य नसलेले ज्येष्ठ, त्यांची मिळकत ज्याच्याकडे आहे किंवा वारसाने ज्याला मिळणार आहे, अशा नातेवाइकाकडून चरितार्थ मागू शकतात. ज्येष्ठाला स्वतः जाणे शक्य नसेल, तर त्याने अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते.

नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत अर्ज निकाली काढायचा असतो. अपवादात्मक स्थितीत ३० दिवसांची मुदतवाढ मिळते. दरम्यान अंतरिम रक्कम देण्याचा आदेशही होऊ शकतो. आदेश होऊनही पैसे दिले नाहीत, तर वॉरंट निघू शकते आणि महिनाभरापर्यंत कैद होऊ शकते. ज्याच्यावर सांभाळाची जबाबदारी आहे, त्याने ज्येष्ठाला कायमचे टाकून दिले, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५ हजार रुपयांपर्यंत दंड अशी स्वतंत्र तरतूद आहे.

कायद्याच्या मर्यादाही आहेत. चरितार्थाची कमाल रक्कम राज्य सरकार ठरवते, पण ती महिना १० हजार रुपयांपेक्षा जास्त ठरवता येत नाही. ही मर्यादा काढण्यासाठी २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेले दुरुस्ती विधेयक मंजूर झाले नाही. औषधांचा खर्चच त्याहून जास्त असेल, तर वकील फौजदारी प्रक्रियेतील तरतुदीकडे वळतो. पूर्वीच्या कलम १२५ च्या जागी आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १४४ आहे. तिथे रकमेवर मर्यादा नाही, मात्र वेळ जास्त लागू शकतो. दोन्हीकडे एकदम मागणी करता येत नाही. कोणता मार्ग घ्यायचा, हे ठरवताना वकिलाचा सल्ला उपयोगी पडतो.

गंमत अशी, की ज्येष्ठांसाठीच्या या कायद्याच्या कलम १७ नुसार न्यायाधिकरणापुढे वकिलामार्फत बाजू मांडता येत नाही. प्रक्रिया सोपी आणि स्वस्त राहावी, हा त्यामागचा हेतू. ही बंदी अधिवक्ता अधिनियमाशी विसंगत असल्याचे केरळसह काही उच्च न्यायालयांनी म्हटले आहे. ज्येष्ठाने स्वतःच बोलायचे ठरवले, तरी अर्ज नीट लिहिणे, दस्तातील अट नेमकी दाखवणे आणि औषधांची बिले, बँकेची नोंद, पोलिसांकडील तक्रारी क्रमाने लावणे, हे काम आधीच करून घेता येते. हरियाणाच्या प्रकरणात अटीचा उल्लेख अर्जातही नव्हता, हे इथे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

मुलगा किंवा सुनेला घराबाहेर काढता येते का?

मुंबईतील एका प्रकरणात ८० वर्षांच्या वडिलांच्या दोन खोल्या मुलाने बळकावल्या होत्या. न्यायाधिकरणाने त्या रिकाम्या करण्याचा आदेश दिला. मुलगाही साठीपार, म्हणजे ज्येष्ठच आहे, या कारणावरून उच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो पुन्हा कायम केला. वडिलांनी अर्ज केला त्या दिवशीचे वय पाहायचे आणि तेव्हा मुलगा ५९ वर्षांचा होता, असे न्यायालयाने सांगितले.

तरीही प्रत्येक तक्रारीत असा आदेश मिळेलच असे नाही. गरज असेल तरच तो द्यायचा, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये म्हटले आहे. सुनेबाबत आणखी एक मुद्दा येतो. कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, २००५ नुसार सुनेला सामायिक घरात राहण्याचा हक्क आहे. ज्येष्ठांच्या कायद्याचा वापर करून तो हक्क डावलता येणार नाही, दोन्ही कायदे एकत्र वाचावे लागतील, असा निकाल डिसेंबर २०२० मध्ये झाला. मुलाचे आणि सुनेचे भांडण असताना सासू-सासऱ्यांच्या नावाने अर्ज करून सुनेला बाहेर काढण्याचा सल्ला कुणी देत असेल, तर तो टिकेलच असे नाही.

स्मृतिभ्रंश झाला, तर कुलमुखत्यारपत्र चालते का?

इथे सर्वांत मोठा गैरसमज आहे. ‘वडिलांनी कुलमुखत्यारपत्र दिले आहे, आता काळजी नाही,’ असे अनेक घरांत समजले जाते. भारतीय करार अधिनियमाच्या कलम २०१ नुसार देणाऱ्याचा मृत्यू झाला किंवा त्याचे मन ठिकाणावर राहिले नाही, की मुखत्यारपत्र संपते. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते, त्याच दिवशी ते निरुपयोगी होते. अमेरिकेसारखे, अक्षम झाल्यानंतरही चालणारे मुखत्यारपत्र भारतात नाही.

मग मार्ग काय? १९८७च्या मानसिक आरोग्य कायद्यात मिळकतीसाठी पालक नेमण्याची तरतूद होती. त्याची जागा घेणाऱ्या २०१७च्या कायद्यात ती नाही. त्यात उपचारांपुरता प्रतिनिधी नेमता येतो. १९९९चा राष्ट्रीय न्यास कायदा स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगतेसाठी आहे, स्मृतिभ्रंशासाठी नाही. त्यामुळे वडील कोमात असतील किंवा स्मृतिभ्रंशाने काही कळत नसेल, तर मुदत ठेव मोडण्यासाठी किंवा घर विकून उपचारांचा खर्च भागवण्यासाठी पत्नी किंवा मुलांना उच्च न्यायालयात जाऊन पालक म्हणून नेमून घ्यावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अनेक प्रकरणांत वैद्यकीय अहवाल मागवून अशा नेमणुका केल्या आहेत. यात वेळ आणि पैसा जातो आणि रुग्णालयाचे बिल थांबत नाही.

ही वेळ येऊ नये म्हणून काही गोष्टी आधी करता येतात. बँक खाते आणि मुदत ठेवी संयुक्त नावाने आणि ‘दोघांपैकी कोणीही’ व्यवहार करू शकेल अशा स्वरूपात ठेवता येतात. त्यासाठी निवडलेली व्यक्ती विश्वासाची हवी, कारण ती एकटी सगळे पैसे काढू शकते. मिळकत मोठी असेल किंवा दिव्यांग अपत्याची जबाबदारी असेल, तर खासगी ट्रस्टचा विचार होतो. ट्रस्ट करणारा अक्षम झाला, तरी विश्वस्त काम चालू ठेवू शकतात. हे सगळे मन ठिकाणावर असतानाच करावे लागते. निदान झाल्याबरोबर क्षमता संपते असेही नाही. सुरुवातीच्या टप्प्यात माणसाला आपण काय करतो आहोत हे कळत असेल, तर डॉक्टरांच्या प्रमाणपत्रासह केलेला दस्त टिकू शकतो. पण तो काळ थोडा असतो.

फक्त हात थरथरतो म्हणून सही जुळत नसेल, तर तो वेगळा प्रश्न आहे. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा अशक्त खातेदार अंगठा उठवून पैसे काढू शकतो. त्यासाठी दोन स्वतंत्र साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो.

नॉमिनी म्हणजे मालक का?

नाही. नॉमिनी हा साधारणपणे रक्कम किंवा मिळकत ताब्यात घेऊन वारसांना देणारा असतो. शेअर आणि म्युच्युअल फंडांबाबतही नॉमिनी पूर्ण मालक होत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केले. महाराष्ट्रातील गृहनिर्माण सोसायट्यांत सभासदाच्या निधनानंतर नॉमिनीला तात्पुरता सभासद करून घेता येते. मालकी मात्र मृत्युपत्र किंवा वारसा कायद्याप्रमाणेच ठरते. बँक खात्यांना १ नोव्हेंबर २०२५ पासून चारपर्यंत नॉमिनी नेमता येतात. नॉमिनी एक आणि मृत्युपत्रातले नाव दुसरेच, असे असेल तर भावंडांत वाद अटळ. म्हणून दोन्ही कागद एकत्र ठेवून जुळवून पाहणे, हे वकिलाचे पहिल्या भेटीतले काम असते.

मुले परदेशात असतील तर?

पुणे, ठाणे, नाशिकमध्ये आईवडील आणि मुले अमेरिका किंवा आखातात, असे चित्र नवे नाही. मुलगा तिथून हक्कसोडपत्रासाठी किंवा विक्रीसाठी कुलमुखत्यारपत्र पाठवणार असेल, तर ते तिथे भारतीय दूतावासात साक्षांकित करून किंवा नोटरी व अपोस्टिल करून घ्यावे लागते. भारतात आल्यापासून तीन महिन्यांत त्याला मुद्रांक लावावा लागतो. ही मुदत चुकल्याने व्यवहार अडकतात. परदेशात राहणाऱ्या मुलांना मृत्युपत्राचे व्यवस्थापक नेमायचे असेल, तर सोबत इथे राहणारे एखादे विश्वासू नावही द्यावे. सोसायटी, तलाठी आणि बँकेत प्रत्यक्ष जाणारे कुणीतरी लागतेच.

उपचारांबाबतची इच्छा आधी लिहून ठेवता येते का?

येते. बरे होण्याची आशा नसताना केवळ यंत्रांवर जिवंत ठेवू नये, अशी आगाऊ सूचना लिहून ठेवण्याचा हक्क सर्वोच्च न्यायालयाने ९ मार्च २०१८ रोजी मान्य केला. तेव्हा न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागत होती. २४ जानेवारी २०२३ रोजी ही प्रक्रिया सोपी झाली. आता दोन साक्षीदारांसमोर सही करून नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून साक्षांकन पुरेसे आहे. आपल्या वतीने निर्णय कोण घेईल, त्याचे नाव त्यात लिहायचे. प्रत घरच्यांना आणि नेहमीच्या डॉक्टरांना द्यायची. स्थानिक स्वराज्य संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडेही ती ठेवता येते. प्रत्यक्ष निर्णय रुग्णालयातील प्राथमिक आणि दुय्यम अशा दोन वैद्यकीय मंडळांच्या मतानंतरच होतो. आई अतिदक्षता विभागात असताना भावंडांनी एकमेकांवर आरोप करण्यापेक्षा तिच्या सहीचा कागद हाती असणे केव्हाही बरे.

वकिलाकडे जाताना काय लक्षात ठेवावे?

पहिला प्रश्न असा, की वकील कुणाचा? अनेकदा मुलगा वकील शोधतो, गाडीने आईला घेऊन जातो आणि फीही तोच देतो. तरीही दस्त आईचा असेल, तर अशील आई आहे. चांगला वकील किंवा वकीलबाई मुलांना थोडा वेळ बाहेर बसायला सांगून आईशी एकटीशी बोलतात. तिला काय हवे आहे, घर दिल्यावर ती कुठे राहणार, खर्चाला तिच्याकडे काय उरणार, हे तिच्याच तोंडून ऐकून घेतात. यात मुलांचाही फायदा आहे. विश्वासाच्या नात्यात एकाला लाभ झाला, तर व्यवहार सचोटीने झाला हे सिद्ध करण्याची जबाबदारी लाभ घेणाऱ्यावर येते. आईने स्वतंत्र सल्ला घेऊन सही केली असेल, तर उद्या दुसऱ्या भावंडाला त्यावर बोट ठेवणे अवघड जाते.

सोबत नेण्याचे कागद ठरलेले आहेत : घराचा करारनामा, शेअर सर्टिफिकेट, सातबारा व फेरफार, बँक व विम्याची यादी, नॉमिनीच्या नोंदी, आधीचे मृत्युपत्र असल्यास ते आणि कुटुंबातील सर्व वारसांची नावे. फी किती, त्यात नोंदणीचा खर्च धरला आहे का आणि दस्ताचा मसुदा वाचायला घरी मिळेल का, हे आधीच विचारावे. मसुदा मराठीत मागण्याचा संकोच करू नये.

वकिलाची फी परवडत नसेल, तर विधी सेवा प्राधिकरणाकडून मदत मिळते. महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत विधी साहाय्याचा हक्क आहे. म्हणजे कोणतीही आजी तालुका न्यायालयातील विधी सेवा समितीकडे जाऊ शकते. १५१०० हा विधी सेवेचा, तर १४५६७ हा ज्येष्ठांसाठीचा मदत क्रमांक आहे. आधीच बक्षीसपत्र झाले असेल आणि त्यात अट नसेल, तरी सगळे संपले असे नाही. त्या वेळची पत्रे, मोबाइलवरील संदेश आणि साक्षीदार यांवरून काय सिद्ध करता येईल, हे वकिलाला दाखवावे. ज्यांनी अजून सही केलेली नाही, त्यांच्यासाठी मात्र दस्ताचा मसुदा आठवडाभर घरी ठेवून वाचणे, हा सर्वांत स्वस्त उपाय आहे.